अंगणातल्या वीतभर तुकड्यात तुम्ही काय लावलंत?

घर आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये दहा बाय चारचा पट्टा आहे. सकाळी जेमतेम तासभर ऊन, नंतर शेजारच्या आंब्याची सावली. दोनदा लॉन लावून हात पोळले. पावसाळ्यात हिरवंगार, दिवाळीपर्यंत टक्कल. कापायला न लागणारं, आपोआप पसरणारं काय लावलंत? फसलेले प्रयोग आधी लिहा, त्यांचाच उपयोग जास्त.

पुणे
आंब्याखाली लॉन? त्याला पाचसहा तास ऊन लागतं हो. मी चंदेरी पट्ट्यांची ट्रॅडेस्कॅन्शिया लावली. विकत नाही आणली, मावशीच्या कुंडीतून ओंजळभर तुकडे खुडले आणि ओल्या मातीत वीतवीत अंतरावर खोचले. पेरापेराला मुळं फुटतात. एका पावसाळ्यात माती दिसेनाशी झाली. दोन गोष्टी सांगून ठेवते. आंब्याची पानं हाताने वेचावी लागतात, खराटा फिरवला की वेल उपटून येतो. आणि आमची कुत्री त्यावर लोळली की तिच्या पोटाला खाज सुटते.

रत्नागिरी
वेडेलिया घेऊ नका. पिवळी फुलं, चकचकीत पानं, नर्सरीवाला म्हणाला, "काही करावं लागत नाही." खरंच नाही लागलं! चार रोपं लावली होती. तिसऱ्या पावसाळ्यात ती पोफळींच्या आळ्यात आणि तिथून शेजाऱ्यांच्या गडग्यापलीकडे. त्यांच्याशी बोलणं अजून जरा तुटकच आहे. दोन दिवस खपून सगळं उपटलं, कोपऱ्यात ढीग केला. आठवड्याने बघतो तर ढिगातूनच हिरवे शेंडे! जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत हिचं नाव आहे, हे नंतर कळलं.

नागपूर
आमच्याकडे उलटं, सावलीचा पत्ताच नाही आणि मे महिन्यात पारा ४५ वर. तिथे ऑफिस टाईमच (चिनी गुलाब) टिकते. दहाच्या सुमारास फुलं उघडतात, दुपार कलली की मिटतात. पाणी विसरलो तरी तक्रार नाही, पण पावसाळ्यात पाणी साचलं की बुडापासून सडते. म्हणून जूनमध्ये चार काड्या कुंडीत लावून सज्जाखाली ठेवतो.

नाशिक
काहीही लावा, आधी लव्हाळा काढा. वरून उपटला तर गाठी खालीच राहतात, आणि तुमच्या नव्या रोपांमधून तोच पहिला वर येतो. मी मे महिन्यात कुदळीने माती उलटी केली, गाठी वेचून गच्चीवर उन्हात कडक वाळवल्या. कंटाळवाणं काम, कंबर गेली. पण त्यानंतर वर्षभर खुरपी क्वचितच हातात घेतली.

ठाणे
मोरीच्या पाइपाशी सतत ओल असते, तिथे जलब्राह्मी. बारीक जाड पानं, फिकट फुलं. एवढंच.

न्यू जर्सी
इथे झाडाखाली पॅकिसँड्रा. बर्फातही हिरवी राहते आणि हरणं तिला सहसा तोंड लावत नाहीत. बाकी सगळं खातात, आमच्या तुळशीची कुंडीसुद्धा त्यांनी सोडली नाही.

धागाकर्ता
पुणेकर ताई, आमच्याकडे कुत्रा नाही. मांजर आहे, पण तिला कंपाउंडच्या भिंतीखाली उतरणं कमीपणाचं वाटतं. तर ओंजळभर तुकडे मिळतील का? रविवारी पिशवी घेऊन येतो. बदल्यात आंबे देईन म्हटलं असतं, पण झाड शेजाऱ्यांचं आहे.