लॅन्थनम-निकेल हायड्रोजन घेता घेता मध्येच थांबते, माल खराब आहे का?

निकेलनाथ:
लॅन्थनम-निकेल (१:५), म्हणजे हायड्रोजन शोषून साठवणारी मिश्रधातू, २-३ मिमीचे खडे, १०० ग्रॅम. स्टेनलेसची ३० मिलीची नळी, उभी, जवळपास गच्च. रोटरी पंपाने अर्धा तास हवा काढून रेग्युलेटर १० बारवर ठेवला. दोन तास फ्लोमीटर ढिम्म. मग एकदम गॅस ओढायला लागली, नळी चटका बसेल इतकी तापली आणि दोन-अडीच लिटर घेऊन पुन्हा ठप्प. हिशेबाने १७ लिटर जायला हवा. माल परत पाठवू का?

धातुपट्टी:
पाठवू नका, माल ठणठणीत आहे. पहिले दोन तास आणि नंतरचं थांबणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

हायड्रोजनचा रेणू आधी पृष्ठभागावर तुटतो, मग सुटे अणू धातूच्या स्फटिकातल्या पोकळ्यांत शिरतात. नव्या खड्यावर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून सुरुवातीला काहीच घडत नाही. या मिश्रधातूत लॅन्थनम ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतं आणि शेजारी निकेलचे मोकळे ठिपके उरतात. रेणू तिथे तुटतो. त्यामुळे ही खोलीच्या तापमानालाच जागी होते, म्हणजे गॅस घ्यायला लागते. लोह-टायटॅनियम असतं तर ४०० अंशांपर्यंत तापवत बसला असतात.

आता थांबणं. २५ अंशांना हिचा समतोल दाब (ज्याच्या वर गॅस आत जातो आणि खाली बाहेर येतो) २ बारच्या आतबाहेर. पण प्रत्येक मोल हायड्रोजनमागे सुमारे ३१ किलोज्यूल उष्णता सुटते. १७ लिटर म्हणजे ०.७ मोल, म्हणजे साधारण २१ किलोज्यूल, आणि १०० ग्रॅम धातूला एक अंश तापायला जेमतेम ४० ज्यूल लागतात. धातू ७०-७५ अंशांवर गेली की तिचा समतोल दाबच १० बार होतो. तुमचा दाबही तेवढाच, मग गॅस आत जाणार कशाला? तिथवर पोचायला एकूण क्षमतेचा दहावा हिस्सा पुरतो, नळीही तापवावी लागली, म्हणून तुमची त्याहून थोडा जास्त गॅस घेऊन थांबली. नळी २० अंशांच्या वाहत्या पाण्यात धरा, फ्लोमीटर परत हलेल. काढताना उलट: ६० अंशांचं पाणी दिलं की ६ बारच्या आसपास दाब मिळतो. पाणी न देता व्हॉल्व्ह उघडलात तर धातू गारठेल आणि गॅस आटेल.

जाळीतला:
वरच्याशी सहमत, पण मला धास्ती त्या गच्च भरलेल्या उभ्या नळीची आहे. हायड्राइड झाल्यावर, म्हणजे हायड्रोजन भरल्यावर, धातू आकारमानाने जवळपास २५ टक्के फुगते. भरण्या-रिकामं करण्याच्या काही फेऱ्यांत खड्यांची मायक्रॉनमधली पूड होते, ती तळाशी दाबून बसते आणि पुढच्या फुगण्यात नळीची भिंत बाहेर ढकलते. गेजवर १०च बार दिसतो, तरी पोलाद वाकतं. गॅसचा दाब बघून नळी निवडणारे इथेच फसतात. ५० मिलीची घ्या, आडवी ठेवा, निम्मीच भरा. तोंडाशी अर्ध्या मायक्रॉनची सिंटर्ड (भुकटी तापवून सांधलेल्या) स्टेनलेसची जाळी हवीच, नाहीतर पूड व्हॉल्व्हच्या सीटमध्ये जाते आणि तो पुन्हा नीट बंद होत नाही.

जागं करायचं ते असं: ८० अंशांवर दोन तास व्हॅक्यूम, थंड करून २० बार हायड्रोजन, भरली की ८० अंशांवर पुन्हा व्हॅक्यूम. चार-पाच फेऱ्यांत वेग बसतो. घाईने २००-३०० अंशांवर हायड्रोजनखाली ठेवू नका. लॅन्थनम हायड्राइड आणि निकेल वेगळे पडायला लागतात आणि क्षमता घटते.

निकेलनाथ:
पाण्यात धरल्यावर चालू झालं, आभार. रिफॉर्मरचा (इंधन वायूपासून काढलेला) हायड्रोजन चालेल का? आणि भुकटी नव्या नळीत कशी हलवू?

धातुपट्टी:
तसाच नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड त्याच निकेलच्या ठिपक्यांवर चिकटून बसतो आणि काही फेऱ्यांतच धातू गॅस घेईनाशी होते. शंभरेक अंशांवर शुद्ध हायड्रोजनने धुतलं की ती बरीचशी सावरते. गंधकाची संयुगं मात्र सहसा कायमची नडतात. ९९.९९९ टक्क्यांचा सिलिंडर घ्या.

जाळीतला:
भुकटी हलवताना सांभाळून. जागी झालेली पूड उघड्या हवेत पेट घेऊ शकते. ८० अंशांवर व्हॅक्यूमने रिकामी करा, थंड झाल्यावर आरगॉन भरा आणि ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेली, हवा नसलेली बंद पेटी) उघडा. ग्लोव्हबॉक्स नसेल तर आरगॉनमध्ये अगदी थोडी थोडी हवा सोडत जा, नळीला हात लावून बघा, कोमट लागली की हवा बंद. सगळं थंड राहू लागलं की मगच झाकण काढा. नव्या नळीत पुन्हा जागं करावं लागेल, पण या खेपेला एक-दोन फेऱ्या पुरतात.