मदत हवी आहे: कॅनडातल्या आमच्या खासदारांची मतं आणि प्रश्न कसे वाचायचे?

मंडळी, मी कॅलगरीत राहतो. यंदा मंडळाच्या गणपतीत आरतीला आमचे खासदार येणार आहेत. कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे विरोधी बाकावरचे. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, शिवाय चहाच्या वेळी दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. "कार्यतत्पर, लोकप्रिय" म्हणून वेळ मारून न्यायची नाही असं ठरवलं आणि हाउस ऑफ कॉमन्सच्या (इथली लोकसभाच म्हणा) साइटवरून त्यांची मतं एक्सेलमध्ये उतरवली. तिथेच अडकलो.

7 डिसेंबर 2023 ला पोचलो की खाली नुसतं "नाही, नाही, नाही". स्क्रोल करून बोट दुखलं. शंभरावर ओळी! युक्रेनच्या सैनिकांना प्रशिक्षण देण्याच्या खर्चालासुद्धा "नाही". माणूस खरंच या सगळ्याच्या विरोधात आहे का?

दुसरं, प्रश्नोत्तराच्या तासात ते फारसे दिसत नाहीत. पण त्यांच्या नावावर "क्यू" आणि आकडा असलेले लांबलचक प्रश्न आहेत. एक उघडला तर "विथ रिगार्ड टू" ने सुरू होणारं, सात-आठ पोटप्रश्न असलेलं एकच वाक्य. व्हिसा-इमिग्रेशनची किती प्रकरणं ठरलेल्या मुदतीपलीकडे पडून आहेत, कार्यालयवार आकडे द्या, असं काहीसं. याचं उत्तर कुठे मिळतं?

तिसरं, दोन विधेयकांवर त्यांचं मतच सापडत नाही. गैरहजर होते म्हणायचं का?

प्रतिसाद – ओटावाकर

पहिल्याचं सांगतो. त्या पुरवणी मागण्या होत्या, म्हणजे सरकारने वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च. आपल्याकडे विधानसभेत असतात तशाच. इथे कोणत्याही मागणीला विरोधाची नोटीस देता येते, मग तिच्यावर वेगळं मतदान घ्यावं लागतं. कॉन्झर्व्हेटिव्हांना कार्बन करावरून सरकारला जेरीस आणायचं होतं, म्हणून त्यांनी ढिगाने नोटिसा दिल्या. गुरुवारी संध्याकाळी सुरू झालेलं मतदान शुक्रवारी रात्री उशिरा संपलं, जवळपास 30 तास. मोबाइलच्या अ‍ॅपवरून मत देता येतं (कोविडकाळात 2021 मध्ये आलेली सोय, 2023 मध्ये कायम झाली), म्हणून निभावलं.

तेव्हा त्या शंभर "नाही" म्हणजे एकच "नाही" धरा. मात्र सत्ताधाऱ्यांनी पुढे "यांनी युक्रेनच्या पैशाला विरोध केला" म्हणून तेच उगाळलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. असं मतदान करताना हे अंगावर येणार हे त्यांनाही ठाऊक असतं.

प्रतिसाद – अटकमटक

प्रश्नोत्तराच्या तासावरून माणूस जोखू नका. तो मुळात तास नाही, 45 मिनिटं आहेत. प्रश्नाला साधारण 35 सेकंद, उत्तराला तेवढीच. कोणी उठायचं याची यादी पक्ष ठरवतो. मागच्या बाकावरच्याला आठवड्यात एकदा संधी मिळाली तरी खूप.

खरा अभ्यास त्या "क्यू"वाल्या लेखी प्रश्नांत दिसतो. एका खासदाराचे एका वेळी चारच प्रश्न कार्यसूचीवर राहू शकतात, त्यामुळे चार जागा तो कशावर खर्च करतो ते बघा. 45 दिवसांत उत्तर द्या अशी मागणी करता येते. नाही आलं तर ते प्रकरण समितीकडे जातं. आकड्यांची लांब उत्तरं कामकाजाच्या छापील वृत्तांतात येत नाहीत, सभागृहापुढे वेगळा कागद म्हणून ठेवतात. सरळ त्यांच्या कार्यालयाला फोन करा. प्रश्न त्यांचाच, प्रत असणारच.

प्रतिसाद – ओटावाकर

तिसरं राहिलं. प्रत्येक निर्णयाला नावं नोंदवली जात नाहीत. सभागृहात हजर असलेल्या, मान्यताप्राप्त पक्षाच्या एखाद्या सदस्याने मागितली तरच नावनिशीवार नोंद. नाहीतर "ऑन डिव्हिजन" मंजूर, म्हणजे विरोध होता पण कोणाचा ते लिहिलेलं नाही. आधी तेवढं तपासा. नावनिशीवार झालं असेल आणि तुमचे खासदार यादीत नसतील, तर कारण कळणार नाही. तटस्थ असा रकानाच नाही. कधी दोन्ही बाजूंचा एकेक जण ठरवून मतदानाबाहेर राहतो, त्याला "पेअर्ड" म्हणतात, ती यादी वेगळी असते.

आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिलेलं एखादं सापडलं तर ते ओळखीत जरूर घ्या. इथे आपल्यासारखं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, नाही. पक्षातून काढतील, खासदारकी जात नाही. 2005 च्या मे महिन्यात बेलिंडा स्ट्रोनाक कॉन्झर्व्हेटिव्ह बाकावरून उठून थेट तेव्हाच्या लिबरल सरकारात मंत्री झाल्या. त्याच आठवड्यात अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकावर 152-152 अशी बरोबरी झाली आणि सभापती पीटर मिलिकन यांच्या मताने सरकार वाचलं. अपक्ष चक कॅडमन कर्करोगाने आजारी असताना सरकारच्या बाजूने उभे राहिले होते.

प्रतिसाद – धागाकर्ता

दोघांचेही आभार. ते दोन्ही "ऑन डिव्हिजन"च निघाले, मी उगाच बिचाऱ्यांना गैरहजर धरत होतो. कार्यालयाला फोन केला. बाईंनी अर्ध्या तासात उत्तराची पीडीएफ पाठवली, वर "हे मागणारे तुम्ही पहिलेच" म्हणाल्या. फाइलमध्ये दिल्ली आणि चंदीगड वेगवेगळ्या ओळींत आहेत. पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. डिसेंबरच्या रात्रीचं मोदक खाऊन झाल्यावर.