मुलं, गाडी आणि जंगल : ठरवलं काय, झालं काय? (अनुभव धागा)

डिसेंबरात पुन्हा निघायचं आहे. लेक सात वर्षांची, धाकटा साडेचारचा, आपलीच गाडी. पुण्याहून संभाजीनगर, लोणार करत ताडोबा आणि परत. रस्ते, हॉटेलं, बुकिंग यांची माहिती शोधली की मिळते. मला हवं आहे ते वेगळंच : मूल कुठे कंटाळलं, कुठे ओकलं, आणि कुठून हलायलाच तयार नव्हतं. दहा वर्षांच्या आतली मुलं, स्वतःची गाडी, एखादं जंगल किंवा पाणवठा, एखादी जुनी वास्तू, सगळं महाराष्ट्रातलं. "खूप धमाल आली" एवढंच असेल तर राहू द्या. फसलेलं आधी सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. गेल्या वर्षी आम्ही रविवारी निघालो. सोमवारी अजिंठा गाठायचं होतं, तर कळलं की सोमवारी अजिंठा बंद असतं. नवरा म्हणाला, हरकत नाही, उद्या वेरूळ. मंगळवारी वेरूळ बंद! तारीख मी ठरवली होती, हॉटेल मी ठरवलं होतं, वार कुणीच बघितला नव्हता. मग दौलताबाद. तिथल्या अंधारीत, म्हणजे शत्रूची वाट चुकवायला खोदलेल्या त्या भुयारी जिन्यात, वटवाघळांचा असा काही भपकारा आला की मी नाकाला पदर लावला. मुलं मात्र खूश. सहलीतला पहिला वन्यप्राणी! किल्ल्यावर एका बुरुजावर मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलंय. धाकट्याने त्याला आपला अर्धा पारले-जी देऊ केला. मेंढा खाईना म्हणून रुसवा. ते अर्धं बिस्कीट पुढे दोन दिवस गाडीत होतं.

*

ताडोबा, मोहर्ली गेट, जानेवारी, मुलगा पाच वर्षांचा. थंडीबद्दल सगळे सांगतात, पण उघड्या जिप्सीत पहाटे अंगावर येणारा वारा सांगून कळत नाही. स्वेटर, कानटोपी, वर हॉटेलवाल्याने दिलेलं ब्लँकेट, तरी पोराच्या नाकाचा शेंडा लालभडक. आत गेलं की ठरलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही, त्यामुळे गेटवर "लागली नसली तरी करून घे" हा कार्यक्रम दोनदा केला.

दीड तास काही नाही. मग चितळाचा कॉल (वाघाची चाहूल लागली की देतात ती ओरड), मग वानर खाकरलं, चालकाने जिप्सी अशी पळवली की माझी टोपी उडाली. वळणावर सात-आठ जिप्स्या आधीच उभ्या आणि त्यांच्या पुढ्यात रस्त्याच्या मधोमध वाघीण. सगळे सीटवर उभे. मीही. दोन मिनिटांनी भान आलं, खाली वाकून विचारलं, "पट्टे दिसले का रे?" तो म्हणाला, "हो, तुझा पट्टा दिसतोय." सहा मोठ्यांच्या कमरांच्या मधे बिचारा उभा होता. उचलून घेईपर्यंत वाघीण बांबूत शिरली.

तेव्हा हे लिहून ठेवा : मूल पुढच्या सीटच्या दांडीला धरून, सीटवर उभं, आणि एका मोठ्याने फक्त त्याला धरायचं. त्या एका मोठ्याचा वाघ गेला असं समजायचं.

पण गंमत पुढे आहे. जंगलातल्या रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब आहेत, गोंड राजांच्या काळातले. गाईडने सांगितलं की या खांबांमधून दोर ओवलेला असे, त्याला घंटा असत, राजाची स्वारी निघाली की दोर ओढून पुढच्यांना वर्दी जाई. हे मात्र चिरंजीवांना फार पटलं. घरी आल्यावर दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सुतळी, मधे देवघरातली घंटा. आई अजून कटकट करते. वाघाविषयी कुणी विचारलं तर तो सांगतो, "बाबांनी पाहिला."

*

मी चंद्रपूरचा, म्हणून चार ओळी. वाराचं वर आलंच आहे, ताडोबाही मंगळवारी बंद असतं. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल नेता येत नाही, तेव्हा गाडीत व्हिडिओवर जेवणाऱ्या पोट्ट्यांची सवय आठ दिवस आधीच मोडा. पावसाळ्यात कोअर बंद, बफरची, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्याची, काही गेटं चालू असतात. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर दिसतो हे खरं आहे, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पाहुणे येतात, दुपारच्या सफारीला लहान लेकरू नेतात आणि संध्याकाळी डॉक्टरचा पत्ता विचारतात. त्या दिवसांत फक्त सकाळची घ्या. नागपूरकडून येत असाल तर वरोऱ्याला आनंदवन वाटेवरच आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी उभं केलं. माझ्या पुतण्याने तिथे फक्त एक प्रश्न विचारला, "इथे सगळे काम करतात?" बस.

आणि ताडोबा तलावातली मगर दाखवा. वाघ नशिबाचा, मगर बहुतेक वेळा काठावर पडलेली असते. "ते लाकूड आहे" यावर भांडायला भरपूर वेळ मिळतो.

*

धागाकर्तीसाठी खास अजिंठा, कारण आमचा वार बरोबर होता. लेक सहा वर्षांची. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढे बसने जावं लागतं, ते तिला आवडलं. चढ आवडला नाही. पहिल्या लेण्यात शिरल्यावर काळोख, चपला बाहेर, "फ्लॅश नको" म्हणणारा रखवालदार, तिचा चेहरा पडला. पद्मपाणीचं चित्र दाखवलं तर म्हणाली, "हे खराब झालंय."

मग तिथल्याच एका माणसाने टॉर्च एका खांबाच्या माथ्यावर मारला. चार हरणं, आणि चौघांत मिळून एकच डोकं. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. हिने एकेक हरीण हाताने झाकून बघितलं (लांबूनच, एक डोळा मिटून). पाऊण तास आम्ही त्या एका लेण्यात. मी मनात पुढच्या लेण्यांचा हिशोब करत होतो, तीस लेणी आहेत, असं चाललं तर संपलंच. संपलंच. एकूण चार झाली. सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, भिंतीच्या कडेने आडवी केवढी थोरली मूर्ती. हिला वाटलं झोपलेत. बाहेर पडेपर्यंत चवड्यांवर चालली आणि मोठ्याने बोलणाऱ्या एका अख्ख्या कुटुंबाला तिने "शूऽऽ" केलं. ते ऐकले!

खाली वाघोरा नदी. तिला सांगितलं की १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता आणि त्याला ही लेणी दिसली. "मग वाघाचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर सिल्लोडपर्यंत तिने तीन वेगवेगळे शेवट तयार केले, तिन्हींत वाघ निसटला.

*

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना सफारीत नेऊ नये. आमच्या शेजारच्या जिप्सीत एक बाळ रडत होतं, सांबराचा कॉल चालू होता, गाईड कानोसा घेत होता आणि कुणाला काही ऐकू येईना. सांबर सहसा विनाकारण ओरडत नाही, ते ओरडलं म्हणजे जवळ बहुधा काहीतरी असतं. बाळाची काही चूक नाही. त्याला चार तास थंडीत हलत्या पत्र्यावर बसायचंच नव्हतं.

*

वरच्या भाऊंचं म्हणणं मला पटतं, आणि मी आजी आहे. पण "नेऊ नये" म्हणून थांबू नका, कुठे न्यायचं ते सांगते. भिगवण. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. लेक-जावई, नातू तीन वर्षांचा आणि मी, फेब्रुवारीत पहाटे साडेचारला निघालो. पोरगं झोपेतच गाडीत टाकलं. ही माझी युक्ती, ज्यांना गाडी लागते त्यांना अंधारात झोपवून न्यावं, अर्धा प्रवास ओकारीविना होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी आलेपाक आणि खिडकी उघडी. एसी लावून कुठे माणसाला बरं वाटलंय?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीत बसलो. गावातल्याच कोळ्याची होडी, नातवाला जॅकेट घातलं ते त्याच्या गुडघ्यापर्यंत. रोहित पक्षी, तुमचे ते फ्लेमिंगो, पाण्यात रांगेने उभे. तो म्हणाला, "आजी, सगळे एका पायावर लंगडी घालतायत." नावाड्याने वल्हं थांबवलं, जवळ गेलो तर उडतील म्हणून. मग ते आपणहून उडाले आणि पांढऱ्यातून एकदम गुलाबी-काळं उलगडलं. पोरगं रडलं तर रडलं, इथे वाघ पळत नाही, फार तर बगळा बाजूला होतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही होते. जावयाने दुर्बिणीतून दाखवले, मला नुसते ठिपके.

उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तरच वर येतं. आम्हाला दिसलं नाही, पाणी होतं. दोन तासांत पक्षी झाले, दहाला नाष्टा, जेवायच्या वेळेला घरी. एवढंच पुरतं त्या वयाला.

*

मी मामा, भाच्यांच्या भरवशाचा चालक. नागपूरहून रामटेक आणि पेंच, तीन भाचे, वयं चार, सहा, नऊ. रामटेकच्या गडावर वानरं. चौथ्याच पायरीवर एकाने मधल्याच्या हातातली प्रसादाची पिशवी काढून घेतली, आणि इतक्या सभ्यपणे की पोराने आधी "थँक्यू" म्हटलं. कालिदासाचा रामगिरी हाच म्हणतात, मी दोन ओळी मेघदूत सांगायला लागलो तर तिघांची नजर वानरांवर. सोडून दिलं.

पुढे पेंचच्या जंगलातून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग. तिथे रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचललाय आणि खालून जनावरांना वाट ठेवली आहे. असे लहानमोठे मिळून नऊ मार्ग. वाघही त्यातून जातात, कॅमेऱ्यात टिपलेत. बाजूला आवाज आणि उजेड अडवायला भिंती आहेत, त्यामुळे वरून काही म्हणजे काही दिसत नाही. मी आपलं सहज म्हणालो, "आत्ता कदाचित आपल्या खालून वाघ चाललाय." झालं! तिघेही सीटखाली डोकं घालून बघायला. चौथ्या मिनिटाला धाकट्याने माझ्या बुटात ओकलं. गाडी चालवताना मी सँडल घालतो, बूट मागे होते. थांबता येईना. चालत्या गाडीत मुलांना वाकून बघायला लावू नका, एवढा एकच सल्ला.

दुसऱ्या दिवशी सफारीत वाघ नाही, रानकुत्री दिसली, सात. शिट्टीसारखा आवाज काढतात. आता घरात तेच चालू आहे.

*

लोणारबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. चार वर्षांखालचं मूल असेल तर काठावरूनच बघा. उतरताना सोपं वाटतं, वर येताना ते कडेवर असतं. विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि "आकाशातून दगड पडला" म्हटलं की मूल पहिल्यांदा वर बघतं. पाणी खारट-अल्कधर्मी. २०२० साली तलाव गुलाबी झाला होता, तो फोटो घरीच दाखवू नका, नाहीतर हिरवं पाणी बघून भोकाड. आमचा पसरला तसाच. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र चुकवू नका, सावली आहे आणि दगड गार असतो. तिथे फरशीवर पालथं पडून तो शांत झाला.

*

वेळास, कोकण किनाऱ्यावरचं गाव. बागमांडल्याहून जंगल जेटीने (गाड्या नेणारी फेरीबोट) गाडीसकट वेशवीला, तिथून पुढे. मुलगी आठ वर्षांची. समुद्रावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांना कुंपण घालून राखतात, प्रत्येक घरट्यावर टोपली. सकाळी साताच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर सोडायची, नसतील तर परत टोपली.

शनिवार संध्याकाळ : काही नाही. रविवार सकाळ : काही नाही. दोरीच्या मागे दीडशे माणसं, पुढे मोबाईल धरलेले हात. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला केला, सावित्री नदी समुद्राला मिळते ते वरून दिसतं. तिने ते एका नजरेत संपवलं आणि विचारलं, "पण त्यांची आई कुठंय?" आई अंडी घालून त्याच रात्री समुद्रात गेली, आता येणार नाही, असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली.

सोमवारची शाळा बुडवली. नवऱ्याशी यावरून भांडण झालं, तेही इथे नोंदवते. सोमवारी सकाळी तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती. चार पिल्लं. गर्दी गेली होती, आम्ही जेमतेम पंधरा जण. तिला दोरीपाशी उकिडवं बसता आलं. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं, तिने दोन्ही वेळा हात पुढे नेला आणि स्वतःच मागे घेतला. तिसऱ्या लाटेत ते गेलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्याने मागे वळून नाही बघितलं." माणगावपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

*

धागाकर्ती पुन्हा. बुधवारी निघतोय, म्हणजे सोमवार-मंगळवार दोन्ही टळले. धाकट्याला सफारीत नेत नाही, तो आणि मी मगर बघत बसू असं म्हणत होते, पण तलाव आतच आहे, सफारीशिवाय तिथे जाता येत नाही. बफरमध्ये एखादी सकाळ चालेल का त्याला? चंद्रपूरकर, सांगा. आणि वेळासच्या ताई, त्या जेटीवर गाडी उलटी चढवावी लागते का? नवरा तयार आहे, मला नाही जमायचं.