व्हिनेगरने घर पुसणाऱ्यांनो, आधी पायाखालची फरशी बघा

कडाप्पा_ओटा
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट फिरली, ‘एक बाटली व्हिनेगर, घरभर उपयोग’. फरशी पुसा, ओटा पुसा, नळ चमकवा, तांबं-पितळ उजळवा, भाज्या धुवा, केसांना लावा. सोडा मिसळला की म्हणे ताकद दुप्पट. आणि शेवटी ‘केमिकलमुक्त घर’! मी दोन ओळींत शंका विचारली, तर ‘नकारात्मकता नको’ असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

पुण्यातल्या जुन्या घरांत जमिनीला काय असतं? शहाबादी, नाहीतर मोझेक. ओट्याला कडाप्पा. शहाबादी आणि कडाप्पा हे चुनखडीचेच दगड, आणि मोझेकमध्ये संगमरवराच्या चिपा नि सिमेंट. नळावर बसणारा पांढरा थर आणि हे दगड एकाच जातीचे, कॅल्शियम कार्बोनेट. जे ॲसिड थर काढतं ते दगडाला कसं सोडेल? माझ्या जावेच्या ओट्यावर व्हिनेगरची ओघळलेली बाटली रात्रभर राहिली. सकाळी काळ्या दगडावर बुडाच्या आकाराचं राखाडी कडं, बोट फिरवलं तर खरखरीत. खोबरेल चोळलं की दिसेनासं होतं, धुतलं की पुन्हा हजर.

आणि सोडा? फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसला की उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. दोघांनी एकमेकांना संपवलं, मग डाग कोण काढणार?

वाघोलीकरीण
ताई, तुमच्या नळाला खडकवासला धरणाचं पाणी येत असणार, म्हणून दगडाची काळजी सुचते. आमच्याकडे बोअर आणि टँकर, म्हणजे क्षारांचं पाणी. काचेचा ग्लास धुऊन वाळवला तर त्यावर पांढरे ठिपके. शॉवरची भोकं महिन्याभरात बुजतात. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घेऊन शॉवरच्या चाळणीला रबरबँडने बांधते, सकाळी पिशवीच्या तळाशी गाळ आणि भोकं मोकळी. आमची फरशी व्हिट्रिफाइड, ओटा ग्रॅनाइटचा. त्यांना काहीही झालेलं नाही. तुमच्या जावेच्या ओट्यासाठी आम्ही व्हिनेगर सोडायचं का?

शनिवारपेठ
ही सगळी बाहेरून आलेली फॅडं. आमच्या घरी तांब्याचा बंब होता, आई चिंच आणि मिठाने घासायची, आरशासारखा लख्ख. देवाची उपकरणी अमसुलाने. व्हिनेगर आम्ही पाहिलं ते थेट चायनीजच्या गाडीवर, त्या मिरच्या बुडवलेल्या बाटलीत. घरात लिंबू, चिंच, ताक असताना विकतची बाटली कशाला?

रसायन_मास्तर
शनिवारपेठ, चिंचेत टार्टरिक ॲसिड असतं. तांब्यावरचा काळा थर ॲसिडनेच सुटतो, मिठाने जोर येतो. म्हणजे तुमच्या आई आणि ती पोस्ट एकच काम करत होत्या. आंबट ते सगळं शहाबादीला वाईट, चिंच धरून.

आता हिशेब. बाजारातलं व्हिनेगर साधारण चार-पाच टक्क्यांचं. एक ग्रॅम क्षार विरघळवायला चार टक्क्यांचं ३० मिलि लागतं. तेवढंच काम सव्वा ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, करतं, आणि घरभर वास नाही. वाघोलीताई, किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, स्वस्त पडेल.

वाघोलीकरीण
आणलं होतं मास्तर. किटलीत घालून उकळलं, तर तळाला पांढरा चोथा बसला, पहिल्या थरापेक्षा चिवट. तेव्हापासून व्हिनेगरच.

रसायन_मास्तर
तो कॅल्शियम सायट्रेट. गरम पाण्यात तो कमी विरघळतो, म्हणून बसला. थर जाड असेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यातच वापरावं, उकळू नये. उकळायचंच असेल तर व्हिनेगर बरं, हे मान्य करावं लागेल.

शनिवारपेठ
मूळ दुखणं पाण्याचं आहे. टँकरच्या गावात फ्लॅट घेताना पाणी कुठून येणार हे विचारायचं असतं. ते विचारलं नाही आणि आता बाटल्या ओतत बसायचं.

वाघोलीकरीण
काका, शब्द जपून वापरा. २०२१ साली तेवीस गावं महापालिकेत घेतली, त्यात वाघोली होती. टॅक्सची बिलं वेळेवर येतात, नळ अजून कोरडा. बिल्डरने ब्रोशरवर ‘२४ तास पाणी’ छापलं होतं, ते टँकरचं असेल हे कुठेच लिहिलं नव्हतं. पेठेत जागा शिल्लक नाही, असली तर आमच्या आवाक्यात नाही. मग आम्ही राहायचं कुठे? तुम्ही सकाळी नळ सोडून अंगण धुता, आम्ही भांडी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालतो. अक्कल आम्हाला शिकवू नका.

शनिवारपेठ
अंगण धुण्याचे दिवस गेले. आमच्याकडेही ठरावीक वेळेलाच पाणी येतं, आणि उन्हाळ्यात कपात झाली की दर गुरुवारी आम्हीही बादल्या भरून ठेवतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यात शेतीही आली, शहरही आलं. माणसं वाढतच राहिली तर पाणी पुरणार कसं?

सिंहगडरोड
धरण कोणाच्या उशाला आहे ते आम्हाला विचारा. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या पायातली ताकद दोन दिवसांत गेली. व्हेंटिलेटरवर होता. आता चालतो, पण जिना चढताना अजून कठडा धरतो. त्या दिवसांत ग्रुपवर काय फिरत होतं माहीत आहे? ‘पिण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, जंतू मरतात’. आमच्या शेजारच्या आजी खरंच टाकत होत्या, पाणी न उकळता! मी त्यांच्या घरी जाऊन पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी उकळूनच प्यायचं, याला दुसरा पर्याय नाही. तुमचा कडाप्पा खराब झाला तर बदलता येतो. असल्या पोस्टने माणसं दगावू शकतात, म्हणून राग येतो.

कडाप्पा_ओटा
सिंहगडरोड, अगदी हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. व्हिनेगर क्षार काढतं. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबायचं नसतं.

आणखी एक, हे कृपा करून घरोघरी सांगा. त्या पोस्टखाली एकीने लिहिलं होतं, ‘बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडर टाकून वर व्हिनेगर ओता, डबल सफाई’. ब्लीचवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दुसऱ्या एका घरी असंच करायला सांगितलं होतं. दार लावून वाकून घासत होत्या. खोकत बाहेर आल्या, डोळे लाल, संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ. ज्यांनी सांगितलं त्या हॉलमध्ये बसल्या होत्या. ‘केमिकलमुक्त घर’ म्हणताना घासणारं माणूस कोण आहे, हे कोणी बघत नाही.

कॅम्पातला
सगळे फरशी आणि बाथरूमवरच. अरे, ती खायची वस्तू आहे! आमच्या घरी विंदालू, सोरपोतेल गोव्याच्या माडाच्या व्हिनेगरशिवाय होत नाही. पारशी शेजारी उसाचं वापरतात, लालसर, गोडसर वासाचं. तुम्ही जी पांढरी बाटली आणता तिच्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं, म्हणजे ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी. नळ त्याने पुसा, माझी हरकत नाही. पण ते मटणात घालून वर ‘व्हिनेगर आपल्याला चालत नाही’ म्हणू नका. ‘ब्रूड’, म्हणजे आंबवून केलेलं, असं लिहिलेली बाटली घ्या आणि मग बोला.

शनिवारपेठ
मटणाचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. पण उन्हाळ्यात दूध नासायला आलं की सून त्यात चमचाभर व्हिनेगर घालून पनीर करते. पनीर मऊ होतं, एवढं म्हणतो.

वाघोलीकरीण
काकांच्या घरात व्हिनेगर पोचलं म्हणायचं! असो. सोडा बंद, ब्लीचजवळ नेणं बंद, पिण्याच्या पाण्यात तर नाहीच. हे तिन्ही मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. शॉवरची पिशवी मात्र चालू राहील, जोपर्यंत नळाला धरणाचं पाणी येत नाही तोपर्यंत. मास्तर, गीझरच्या कॉइलचं सांगा. घरच्या घरी व्हिनेगर ओतलं तर चालेल?

रसायन_मास्तर
नको. आत रबरी वॉशर असतात, विजेचा भाग आहे, आणि सुटलेल्या खपल्या आतच अडकतात. कॉइल बाहेर काढून साफ करणारा माणूस बोलवा. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा.

शनिवारपेठ
मास्तर, एक विचारायचं राहिलं. आमच्या देवघराला पांढरा संगमरवर आहे. उपकरणी तिथेच अमसुलाने घासतात, त्या जागी पुसट डाग पडलेत. किती धुतले तरी जात नाहीत. कशाने निघतील?

कडाप्पा_ओटा
काका, ते डाग नाहीत, तिथला दगड खाल्ला गेलाय. धुऊन जाणार नाही. पॉलिशवाला बोलवावा लागेल, आणि उपकरणी यापुढे स्टीलच्या परातीत घेऊन घासायला सांगा.