किमान रक्कम भरली तरी व्याज लागतंच

अनेकांना वाटतं की क्रेडिट कार्डाच्या बिलावरची किमान देय रक्कम, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी छोटी रक्कम, भरली की व्याज लागत नाही. हे चूक आहे, आणि महागात पडणारं आहे. त्याने फक्त उशिराचा दंड टळतो. ४०,००० च्या बिलावर २,००० भरले, तर उरलेल्या ३८,००० वर दरमहा ३.५ टक्के दराने १,३३० रुपये व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणून बाकी थकली असेल तर ते कार्ड वापरणं थांबवा, रोजचा खर्च यूपीआय किंवा डेबिट कार्डाने करा.

पूर्ण बिल भरणाऱ्यांनी तारीख पाहावी. बिल ५ तारखेला बनत असेल आणि भरायची मुदत २५ तारखेपर्यंत असेल, तर फ्रिजसारखी मोठी खरेदी ६ तारखेला करा: जवळपास ५० दिवस मिळतात. तीच ४ तारखेला केली तर जेमतेम २१.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढूच नका. शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. ऑटोपे (खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय) लावताना ‘संपूर्ण रक्कम’ निवडलंय ना, हे आजच तपासा.