मुलांसाठी प्रोबायोटिक: पुडी घेण्याआधी काय बघायचं? (अनुभव धागा)

पावसाळा लागला की घरोघरी मुलांची पोटं बिघडतात. दुकानात जाऊन "बाळाच्या पोटासाठी काहीतरी द्या" म्हटलं की प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंची, कुठलीतरी पुडी हातात पडते. ज्यांचा याच्याशी रोजचा संबंध आहे त्यांनी नेमकं लिहावं. काय द्यायचं, किती, कसं आणि चूक कुठे होते? ब्रँड नकोत, जंतूंची नावं लिहा.

बालरोगतज्ज्ञ

आधी क्रम नीट लावू. जुलाबात मूल वाचवतं ते ओआरएस. मोठी पुडी अख्खी, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडी अंदाजाने अर्धी केली की मिठाचं प्रमाण बिघडतं. घट्ट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर क्षार भरून निघत नाहीत. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. त्यानंतर झिंक, आणि जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. प्रोबायोटिक तिसऱ्या नंबरवर.

तिथेही अपेक्षा माफक ठेवा. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. जुलाब-उलट्यांसाठी इमर्जन्सीत आलेल्या मुलांना प्रोबायोटिक देऊन दिसण्याजोगा फायदा झाला नाही. पाच दिवस पुडी नाही दिली म्हणून पालकांनी अपराधी वाटून घेऊ नये.

खरा उपयोग अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला. त्यासाठी दोनच नावं लक्षात ठेवा: सॅकरोमायसिस बोलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी. दिवसाला किमान ५ अब्ज जंतू, आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून. चौथ्या दिवशी शी पातळ झाल्यावर सुरू केलं तर वेळ गेलेली असते.

शीत रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, तर पुड्या बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

फार्मासिस्ट

खोका उलटा करून वाचा. पुढे नुसतं "प्रोबायोटिक" मोठ्या अक्षरात असतं, कामाचं सगळं मागे बारीक छापलेलं. जंतूच्या नावापुढे "जीजी" किंवा "डीएसएम १७९३८" अशी खूण हवी. नुसतं "लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस" म्हणजे गावात जाऊन नुसतं "पाटील" विचारण्यासारखं आहे. अभ्यास एका खुणेच्या जंतूवर झालेला असतो, त्याचा गुण दुसऱ्याला आपोआप लागत नाही. २०२० मध्ये काही नावं बदलली, त्यामुळे नव्या खोक्यावर "लॅक्टिकेसीबॅसिलस" दिसलं तर गोंधळू नका.

एका पुडीत सहा-सात जंतू, आकडा मात्र सगळ्यांचा मिळून छापलेला. मग हवा तो किती मिळाला हे कळायला मार्ग नाही. अशा मिश्रणापेक्षा एकच जंतू आणि त्याचा स्पष्ट आकडा असलेलं घ्या. आकडा एक्स्पायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा, तेही बघा.

बोलार्डी हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, अँटिबायोटिक त्याला मारत नाही. बुरशीवरचं औषध चालू असेल तर मात्र ते मरतं. लॅक्टोबॅसिलस आणि अँटिबायोटिकमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. बॅसिलस क्लॉसी या आणखी एका प्रोबायोटिक जंतूची ५ मिलीची प्लॅस्टिकची कुपी येते, त्यात २ अब्ज बीजाणू (जंतूचं टणक कवचातलं रूप). बीजाणू खाली बसतात, म्हणून आधी कुपी हलवायची, मग टोक पिळून तोडायचं आणि चमच्यातून पाजायचं. कुपी इंजेक्शनसारखी दिसते, पण हे औषध फक्त तोंडानेच द्यायचं.

बीजाणूवाली औषधं घरातल्या साध्या तापमानाला टिकतात. लॅक्टोबॅसिलसच्या काही पुड्यांना फ्रिज लागतो. अशी पुडी मे महिन्यात कुरिअरने मागवू नका.

नवजात अतिदक्षता विभागातली परिचारिका

कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाला घरच्या माणसांनी बाहेरून आणलेलं प्रोबायोटिक कधीही देऊ नये. अशा बाळांच्या रक्तात हेच जंतू शिरून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) याबद्दल इशारा दिला. मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) असलेल्या मुलाच्या खाटेजवळ बोलार्डीची पुडी फोडायचीसुद्धा नाही. भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि लाइनवाटे रक्तात जाते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला द्यायची असली तरी पुडी खोलीबाहेर, हातमोजे घालून मिसळायची.

आता दुसरी बाजू. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजार निरोगी नवजात बाळांवर अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विशिष्ट खुणेचा लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम, सोबत त्या जंतूचं खाद्य, सात दिवस. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. पण ती बाळं किमान दोन किलोची आणि ३५ आठवडे भरलेली होती. हा अभ्यास दाखवून दीड किलोच्या बाळाला काही देऊ नका.

स्तनपान सल्लागार

संध्याकाळी तासन्‌तास रडणाऱ्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ चे रोज ५ थेंब. वरच्या दुधावरच्या बाळांत फायदा तितका स्पष्ट नाही. थेंब तेलातले असतात, बाटली दहा सेकंद जोरात हलवा, नाहीतर वर नुसतं तेलच येतं. चमच्यातून द्या. दुधाच्या बाटलीत टाकलं आणि बाळाने अर्धं दूध सोडलं की मात्राही अर्धीच गेली.

आहारतज्ज्ञ

घरचं दही सहा महिन्यांनंतर वरच्या आहारात जरूर द्या. त्यात कोणते जंतू किती, हे घरोघरी वेगळं, म्हणून ते औषध नव्हे. उत्तम खाणं मात्र नक्कीच. दूध उकळून कोमट होऊ द्या, बोट सहज टेकेल इतकं. अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण पुरतं. दही पाणी सोडायला लागलं आणि फार आंबट झालं, तर विरजण बदला.

दहीभात कालवताना भात निववून घ्या. वाफाळत्या भातात जंतू मरतात. कढीत तर उरतच नाहीत. पुडीचंही तेच, गरम दुधात टाकायची नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पुडीवर दुधाचा अंश लिहिलाय का ते वाचा.

फार्मासिस्ट

"किती दिवस?" हे दुकानात हमखास विचारतात. अँटिबायोटिक संपलं की डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, मग बंद. थेंबांची बाटली फोडली की लेबलावर पेनाने तारीख टाका. फोडल्यानंतर किती दिवस चालते ते खोक्यावर असतं, आणि खोका आपण पहिल्याच दिवशी टाकून देतो.