सायटेशनला मराठीत काय म्हणावं? आणि 'सरांचा प्रभावांक' बरोबर आहे का?

मांजराकाठ (लातूर):
आमच्याकडचे एक डॉक्टर-प्राध्यापक निवृत्त व्हायलेत. गौरवपत्रिका मराठीत छापायचीय. बायोडाटावरून कुणीतरी वाक्य केलंय: 'सरांचा प्रभावांक २३ असून त्यांचे १,९०० संदर्भ आहेत.' छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "मॅडम, हे संदर्भ सरांनी दिले का सरांना मिळाले?" रूढ शब्द सुचवा. 'कोलॅबोरेशन'लाही हवाय.

बालाघाट:
छापखानेवाल्याला चहा पाजा, दुखणं त्यानंच पकडलं. लेखाच्या शेवटी आपण देतो ते संदर्भ. दुसऱ्यानं त्याच्या लेखात आपल्या लेखाचं नाव घेतलं की मिळतं ते सायटेशन. देणं आणि मिळणं दोन्हीला 'संदर्भ' म्हटलं की घोळ होणारच. काही जण 'उद्धरण' लिहितात, तेही पटत नाही. उद्धरण म्हणजे दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी देणं. इथं तर एक शब्दही उचलावा लागत नाही, वाक्याच्या शेवटी आकडा टाकला की झालं. (आणि सरांचं १,९०० वेळा उद्धरण झालं म्हटलं तर कीर्तनकार मागे लागतील.) माझं मत 'दाखला'. 'दाखला देणे' जुनं आहे, घरातलं आहे.

नळदुर्गकर:
दाखला नको हो. आपल्याकडं दाखला म्हणजे उत्पन्नाचा, रहिवासाचा, नाहीतर शाळा सोडल्याचा. 'सरांना १,९०० दाखले मिळाले' वाचून लोक विचारतील, कोणत्या सेतू केंद्रातून? खरा शब्द 'हवाला' होता. उर्दूत संदर्भाला हवालाच म्हणतात आणि निजामी काळातल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी 'अमक्याचा हवाला देऊन' सहज यायचं. वर्तमानपत्रांनी त्याला पैशाच्या धंद्यात नेऊन बसवलं, आता सरांच्या नावापुढं छापायची सोय राहिली नाही. सरळ वाक्य करा: 'त्यांच्या लेखांचा इतरांनी १,९०० वेळा आधार घेतला.'

बालाघाट:
'आधार' थोडा जास्तच होतो. एखाद्याचा निष्कर्ष खोडून काढायचा तरी त्याचं नाव घ्यावंच लागतं, आणि तेही मोजलं जातं. स्वतःच्याच जुन्या लेखाचं नाव घेतलं तरी बहुतेक ठिकाणी मोजतात. म्हणून 'उल्लेख'. त्यात स्तुती नाही, निंदा नाही.

ग्रंथालयवाली ताई (संभाजीनगर):
'उल्लेख'ला माझंही मत. पण पहिल्या आकड्याकडं कुणी बघितलंच नाही. प्रभावांक, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, माणसाचा नसतो, नियतकालिकाचा असतो. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांच्या कल्पनेतून आलेलं हे माप आहे. २०२४ चा काढायचा तर त्या नियतकालिकानं २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेले उल्लेख घ्यायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. ही सरासरी आहे. थोडे लेख भरपूर उल्लेख खेचतात, बाकीचे तसेच पडून राहतात. माणसाला हे माप लावू नका, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात संशोधक आणि संपादकांनीच मांडलं, तरी मुलाखतींत विचारतातच.

तुमचे २३ बहुधा एच-इंडेक्सचे. हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलं. माणसाच्या जितक्या लेखांना प्रत्येकी किमान तितके उल्लेख मिळालेत, तो आकडा. समजा सात लेख आहेत, उल्लेख ४०, १८, ९, ५, ५, २, ०. उतरत्या क्रमानं लावा आणि मोजत जा. पाचव्या लेखाला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. एच-इंडेक्स ५. पहिल्या लेखाचे ४० चे ४०० झाले तरी ५ च. मराठीत 'एच-निर्देशांक' चालतो.

नळदुर्गकर:
म्हणजे एकच जबरदस्त काम केलेला माणूस मागेच राहणार की. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. महाडच्या बाजूला विंचूदंशावर काम केलं, १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, पुढं प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली. विंचवावर जगात लिहिणारे किती? कर्करोगावर लिहिणाऱ्याला हजार जण उल्लेखतील. 'प्रभाव' हा शब्द आमच्या कानाला जे सांगतो, ते या आकड्यात कुठंय?

ग्रंथालयवाली ताई:
नाहीच. म्हणून मी 'प्रभावांक'च टाळते, 'इम्पॅक्ट फॅक्टर' देवनागरीत लिहिते. वेगळ्या विषयांतल्या दोघांचे एच-निर्देशांक शेजारी ठेवूच नयेत.

मांजराकाठ:
आणि कोलॅबोरेशन? बायोडाटात 'सहकार्य' आहे.

बालाघाट:
सहकार्य तर पोलिसांनाही करतात. 'संयुक्त संशोधन' म्हणा, माणसांना 'सहलेखक'. पण नुसती सहलेखकांची संख्या देऊ नका. सामाईक सातबाऱ्यावर दहा नावं असतात, कोण किती कसतो ते कळत नाही, तसंच आहे हे.

ग्रंथालयवाली ताई:
वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं त्यावर चार अटी घातल्यात, चारही पाहिजेत: कामात खरा वाटा, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. नुसतं विभागप्रमुख आहे म्हणून नाव घालता येत नाही. घालतात, ते सोडा. साधारणपणे पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं मार्गदर्शकाचं. सर कितीदा पहिले, कितीदा शेवटचे, कोणत्या संस्थांबरोबर, हे लिहा. वाचणाऱ्याला त्यातून काही कळेल.

मांजराकाठ:
मग असं करते: 'सरांच्या लेखांचा १,९०० वेळा उल्लेख झाला असून त्यांचा एच-निर्देशांक २३ आहे.'

ग्रंथालयवाली ताई:
आकडे उल्लेख मोजणाऱ्या कुठल्या साठ्याचे, स्कोपसचे का गुगल स्कॉलरचे? गुगल प्रबंध, पुस्तकं सगळंच धरतं, तिथं आकडा सहसा मोठा येतो. ठिकाण आणि तारीख टाका, मग छापायला द्या.